उद्यमबाग की चाकण? आयटीआय झालेल्या पोरांसाठी

निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हेच विचारतात, बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लागू की पुण्याजवळच्या चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात, म्हणून एकदाच नीट लिहितो.

पैशाचं आधी. चाकणला हातात जास्त येतात, कंपनीची बस, कँटीन सगळं खरं, पण खोलीभाडं, मेस आणि गणपतीला गावी यायचं भाडं वजा करा, मग घरचं जेवून उद्यमबागेत जाणाऱ्यापेक्षा फार काही उरत नाही बघा.

खरा फरक कामात आहे. फोक्सवॅगन, महिंद्रासारख्या प्लांटमध्ये लाइनवर ठरलेल्या सेकंदात तोच बोल्ट, तीच टॉर्क गन (बोल्ट ठरावीक जोरानं आवळायचं हत्यार), पुढची गाडी आली की परत तेच, मात्र सेफ्टी आणि क्वालिटीची शिस्त अंगात मुरते ती इथल्या छोट्या शॉपात मिळणं अवघड. उद्यमबाग आणि बेळगावजवळच्या मच्छेकडं उलटं, फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आणि मशीन शॉप शेजारी शेजारी. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, बोअर (आतलं भोक) मारताना आत ब्लो होल, म्हणजे ओतताना वायूनं राहिलेली पोकळी, निघालं की तो पीस फाउंड्रीत परत जातो, वाळूत ओल जास्त होती की कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) नीट भाजला नव्हता यावर मोल्डर (साचा बनवणारा) आणि सेटरची (मशीन कामासाठी लावून देणारा) वादावादी होते, आणि ती ऐकतच पोरगं ऑपरेटरचा सेटर होतं. हे शिक्षण मला लई मोलाचं वाटतं.

नोकरी टिकायचं म्हणाल तर मोठं नाव बघून भुलू नका. तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन 2020 च्या डिसेंबरात थांबलं, पुढं तो प्लांट ह्युंदाईनं घेतला, पण मधली वर्षं कामगारांनी कशी काढली असतील. चाकणला जॉइन होताना लेटरवर कंपनीचं नाव आहे की कॉन्ट्रॅक्टरचं, ते आधी वाचा. इकडं बेळगावात ऑर्डर कमी झाली की आधी नाइट शिफ्ट बंद होते, आणि काही ठिकाणी पीएफ कापतात का हेही विचारून घ्यावं लागतं.

अजून एक, इलेक्ट्रिक गाडीला क्रँकशाफ्ट, सिलेंडर ब्लॉक हे इंजिनाचे भाग लागत नाहीत, पण चाकाचे ब्रेक आणि हब (चाक बसतं तो मधला भाग) लागतातच, त्यामुळं शॉप निवडताना तिथं कुठला जॉब चालतो ते बघा.

धारवाडला टाटा मोटर्स आहे, पण तिथं काम मालवाहू गाड्यांचं आणि बसचं, कारचं नाही.

टर्नर, मशिनिस्ट असाल तर आधी इथं सेटिंग शिका, मग चाकणला सेटर म्हणूनच जा. इलेक्ट्रिशियन असाल, रोबोट आणि पीएलसीची (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) आवड असेल तर थांबू नका, ते काम इथल्या थोड्याच शॉपात आहे, सरळ पुण्याची गाडी धरा.