साठ तासांचा शेवट : 'द वायर' पाहावी की 'द शील्ड'?

नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी सातच्या आधी घराबाहेर पाऊल टाकवत नाही आणि कूलरसमोर बसून एखादी मोठी मालिका संपवण्याचे बेत याच दिवसांत आखले जातात. शहरी गुन्हेगारीवरची एकच इंग्रजी मालिका पाहायची झाली तर 'द वायर' निवडावी की 'द शील्ड', असे यंदा दोघा-तिघा परिचितांनी मला विचारले. दोन्ही मालिका 2002 मध्ये सुरू झाल्या आणि 2008 मध्ये संपल्या. पहिलीची पाच पर्वे आणि 60 भाग आहेत, तर दुसरीची सात पर्वे आणि 88 भाग. परंतु 'द शील्ड'चे भाग आखूड असल्यामुळे दोन्हींचे तास साठ-पासष्टच्या घरातच येतात. तेव्हा वेळेवरून निवड होणार नाही. ती अखेरच्या पर्वावरून करावी, असे मला वाटते, कारण इतके तास दिल्यावर पदरात काय पडले हे तेथेच कळते. कोणाचे काय झाले हे मी उघड करणार नाही, मात्र दोन्ही अखेरच्या पर्वांची मांडणी सांगितल्याशिवाय तुलना करता येणार नाही.

'द शील्ड' लॉस एंजेलिसमधील फार्मिंग्टन या काल्पनिक भागात घडते. तेथील पोलीस ठाणे एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे आणि विक मॅकी हा एका विशेष तुकडीचा प्रमुख आहे. पहिल्याच भागाच्या शेवटी तो आपल्या एका सहकारी पोलिसाला गोळी घालतो. पुढची सहा पर्वे तो खून झाकण्यात जातात आणि 13 भागांच्या सातव्या पर्वात त्याचा हिशेब व्याजासह मागितला जातो. एकमेकांच्या घरी जेवलेली, एकमेकांची मुले अंगाखांद्यावर खेळवलेली माणसे येथे एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि त्यातला प्रत्येक टप्पा मागच्या पर्वांतल्या एखाद्या निर्णयातून उगवलेला असतो. विकच्या भूमिकेसाठी मायकेल चिकलिस यांना 2002 मध्ये एमी पुरस्कार मिळाला होता. पण या पर्वात त्याच तुकडीतल्या शेनची भूमिका करणारे वॉल्टन गॉगिन्स त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. शेवटून दुसऱ्या भागात बंद खोलीतला एक कबुलीजबाब आहे. बोलण्यापूर्वी मॅकी जो वेळ नुसता गप्प बसून घेतो, तेवढ्यात सात पर्वे डोळ्यांसमोरून जातात. दूरचित्रवाणीवर इतका न्याय्य शेवट मी दुसरा पाहिलेला नाही. या पर्वातले एका किशोरवयीन संशयिताचे उपकथानक मात्र अर्धवट सोडल्यासारखे वाटते.

'द वायर'चे पाचवे पर्व याच्या अगदी उलट्या स्वभावाचे आहे. ते 6 जानेवारी ते 9 मार्च 2008 या काळात दाखवले गेले आणि पाचही पर्वांत तेच सर्वांत लहान, म्हणजे 10 भागांचे आहे. बाल्टिमोरमधील अमली पदार्थांचा बाजार, बंदर, नगर प्रशासन आणि शाळा यांच्यानंतर येथे मालिका वृत्तपत्राच्या कचेरीत शिरते. मालिकेचे निर्माते डेव्हिड सायमन यांनी 'बाल्टिमोर सन'मध्ये 1982 ते 1995 या काळात गुन्हेगारीचे वार्तांकन केले होते, तर त्यांचे सहकारी एड बर्न्स हे पोलीस दलातून निवृत्त होऊन शाळेत शिकवत होते. पर्वाच्या सुरुवातीला पैशांअभावी एक मोठा तपास बंद पडतो. मॅकनल्टी हा पोलीस अधिकारी तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून बेघर माणसांना मारणारा एक काल्पनिक खुनी उभा करतो, आणि टेम्पलटन हा वार्ताहर नावासाठी त्या खोट्यात आपले खोटे मिसळतो.

हे पर्व कमकुवत आहे असे अनेक जण म्हणतात आणि त्यांचा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. खोट्या खुन्याचे प्रकरण या मालिकेच्या एरवीच्या काटेकोर वास्तवाला पेलत नाही. शहर आवृत्तीचा संपादक गस हेन्स जरा अतिच निर्मळ रंगवला आहे आणि टेम्पलटन तितकाच एकरंगी आहे. चौथ्या पर्वातल्या चार शाळकरी मुलांना मिळालेला अवकाश येथे कोणालाच मिळत नाही. सायमन यांच्या मनातली जुन्या कचेरीविषयीची खंत काही संवादांतून थेट ऐकू येते, आणि तेवढ्यापुरती पात्रे मागे सरतात.

तरीही वृत्तपत्राचा भाग टाकाऊ आहे, हे मी मान्य करणार नाही. मी नागपुरात एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षे काम केले आहे आणि त्या कामाचे इतके खरे चित्र मला इतरत्र आढळले नाही. आगीच्या बातमीत 'इमारत रिकामी केली' असे लिहायचे, 'माणसे रिकामी केली' असे नव्हे, हे एक ज्येष्ठ सहकारी नव्या वार्ताहराला बजावतो, तेव्हा मला आमचे मुद्रितशोधक आठवले. आकड्यांची उलटापालट तर झाली नाही ना, या शंकेने गस मध्यरात्री उठून कचेरीत फोन करतो, ती भीती ज्याने छपाईला पान सोडले आहे त्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि आठव्या भागात, आपण वर्षानुवर्षे ज्याच्यामागून चाललो त्या माणसाच्या खुनाची चार ओळींची बातमी डेस्कवर येते आणि जागेअभावी गळते. कोणी दुष्टपणा केलेला नसतो. दुसरी बातमी मोठी असते, एवढेच. उत्तर नागपुरातल्या वस्तीत खून झाला, मृतदेह शवविच्छेदनासाठी मेयो रुग्णालयात रवाना केला, अशा किती तरी संक्षिप्त बातम्या मी स्वतः शहर पानावरून उचलून बाजूला ठेवल्या आहेत. त्या दृश्यानंतर मी बराच वेळ पुढचा भाग लावू शकलो नाही.

बबल्स या व्यसनी माणसाची कथाही याच पर्वात पूर्णत्वाला जाते. तो बहिणीच्या घरी तळघरात राहतो आणि वरच्या स्वयंपाकघराकडे जाणारे दार बंद असते. पाच पर्वांतला माझा सर्वांत जवळचा धागा हाच आहे.

केवळ अखेरचे पर्व शेजारी ठेवले, तर 'द शील्ड' निर्विवाद सरस ठरते. ज्यांना माणसाने केलेल्या कृत्याचा जाब विचारला गेलेला पाहायचा आहे, ज्यांचे मन कथानकाच्या वेगात रमते, त्यांनी ती निवडावी. ती जाहिरातींच्या वाहिनीवरची असल्यामुळे प्रत्येक तुकड्याअंती उत्सुकता ताणलेली राहते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची हालचाल पहिले दोन-तीन भाग डोळ्यांना त्रास देते, नंतर जाणवत नाही. मात्र व्यवस्था माणसाला कशी घडवते आणि कशी गिळते हे समजून घ्यायचे असेल, तर पाचव्या पर्वाच्या उणिवा धरूनही 'द वायर' घ्यावी. मला एकच निवडायची असती तर मी तीच निवडली असती. चौथ्या पर्वानंतर थांबण्याचा सल्ला देणारे भेटतील, तो ऐकू नये. त्या मुलांचे पुढे काय होते हे पाचव्यातच कळते.

'द वायर'मधली बाल्टिमोरची बोली कानाला चटकन लागत नाही, म्हणून इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत आणि पहिले चार भाग धीर धरावा. दोन्ही मालिकांतील हिंसा आणि भाषा मुलांसमोर पाहण्याजोगी नाही. 'द शील्ड'चे शेवटचे दोन भाग एकाच रात्री पाहावेत. 'द वायर'चा शेवटचा भाग 93 मिनिटांचा आहे. त्याचे नाव '–30–' असून, अमेरिकी वार्ताहर बातमी संपली की मजकुराखाली हीच खूण लिहीत असत.