सात सीटर भाड्याने घेऊन गड आणि सापुतारा (गाडीला ४ स्टार, दुकानाला ३)

नाशकातून दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा साधारण ८० किलोमीटर, त्यात आई-आप्पांना सप्तशृंगी गडावर देवीचं दर्शन पण हवं होतं म्हणून सेल्फ ड्राइव्हवाल्याकडून डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. नांदुरीपासून घाट चालू झाला की खरी मजा, माणसं-बॅगा फुल भरून पण आरामात ओढते, एसी बंद करायची वेळच आली नाही. उतरताना मात्र मॅन्युअल मोडवर टाकून खालच्या गिअरमध्येच ठेवा, नुसता ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापतात आणि पकड जाते, गडाच्या वळणांवर असले प्रयोग नकोत. तिसरी रांग? पोरांना ठीक, मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात आणि मळमळतं ते वेगळंच, म्हाताऱ्यांना मधेच बसवा. आणि ती रांग उघडली की डिकी संपलीच, निम्म्या बॅगा आमच्या पायाशी. पावसाळ्यात सापुताऱ्याला धुकं जाम असतं, फॉग लॅम्प गाडी घेतानाच बघा, आमचा एक बंद होता तर दुकानवाला म्हणे "चालतं हो साहेब". सापुतारा गुजरातमध्ये येतं, गाडीच्या परमिटचं पण विचारून घ्या. डिपॉझिट मात्र लगेच परत दिलं.