झोटेरो : वाचनाची नोंद संशोधकाच्याच हाती ठेवणारे साधन

प्रबंधाच्या अखेरच्या टप्प्यात संशोधकाला सर्वांत जास्त छळते ती संदर्भसूची. अमुक मुद्दा कुठे वाचला होता, त्या निबंधाचा खंड-अंक कोणता, पृष्ठक्रमांक टिपला होता की नाही, या शोधात लिहिण्याचे दिवस वाया जातात. हे काम अंगावर घेणाऱ्या सॉफ्टवेअरांमध्ये झोटेरो मला सर्वांत भरवशाचे वाटते, आणि संशोधक विद्यार्थ्याने ते वाचनाच्या पहिल्याच आठवड्यात वापरायला घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

झोटेरो २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात तयार झाले. इतिहासाच्या अभ्यासकांनी घडवल्याची खूण त्यात अजूनही दिसते. कारण पुस्तके आणि निबंधांबरोबरच हस्तलिखित, पत्र, नकाशा, मुलाखत यांच्यासाठीही नोंदीचे स्वतंत्र प्रकार आहेत. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. ब्राउझरमधील बटण दाबले, किंवा निबंधाचा डीओआय वा पुस्तकाचा आयएसबीएन हा ओळख-क्रमांक टाकला, की बहुतेक निबंध-पुस्तकांची नोंद आपोआप भरली जाते. वर्डमध्ये लिहिताना संदर्भ निवडत गेले की सूची तयार होत जाते, आणि नियतकालिक बदलले तर शैलीचे, म्हणजे संदर्भ मांडण्याच्या ठरावीक पद्धतीचे, नाव बदलताच सगळे संदर्भ नव्याने मांडले जातात. अशा शैली दहा हजारांहून अधिक आहेत.

२०२२ मधील सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ वाचण्याची सोय झोटेरोतच आली आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. पिवळ्या रंगाने खूण केलेले वाक्य टिपणात घेतले की त्याच्यासोबत लेखकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक येतो, आणि महिन्यांनंतर त्या टिपणातून मूळ पानावर थेट जाता येते. उद्धृत आणि त्याचा उगम यांची ताटातूट होत नाही. नकळत होणाऱ्या वाङ्मयचौर्याचे एक मोठे कारण ही ताटातूटच असते, हे मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

दुसरी सोय २०१९ पासूनची. मागे घेतलेल्या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीच्या आधारे, आपल्या संग्रहातील एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर झोटेरो त्यावर ठळक इशारा दाखवते आणि तो उद्धृत करू लागल्यास पुन्हा सावध करते. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधील १९९८ चा निबंध मागे घेतला गेला तो २०१० मध्ये, म्हणजे तब्बल १२ वर्षांनी. एवढ्या अवधीत त्याची प्रत कितीतरी संग्रहांत जाऊन बसलेली असते, आणि छापील प्रत किंवा जुनी पीडीएफ असा इशारा कधीच देणार नाही.

संग्रह आपल्या स्वतःच्या संगणकावर राहतो आणि बिबटेक्स किंवा आरआयएस या इतर संदर्भ-सॉफ्टवेअरांनाही वाचता येणाऱ्या स्वरूपांत केव्हाही बाहेर काढता येतो. हे स्वातंत्र्य वादाविना टिकलेले नाही. एंडनोट या स्पर्धक संदर्भ-सॉफ्टवेअरच्या शैली-फाइल वाचण्याच्या झोटेरोतील सोयीवरून त्याची तेव्हाची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला होता; २००९ मध्ये तो फेटाळला गेला. अनेक वर्षांच्या वाचनाची नोंद एकाच कंपनीच्या कुलपात असू नये, असे मानणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास ठाऊक असावा.

आपोआप भरलेल्या नोंदीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. संकेतस्थळावरची माहितीच सदोष असेल तर तीच जशीच्या तशी संग्रहात येते: आडनाव आणि नाव उलटसुलट, शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत, पृष्ठक्रमांक गायब. देवनागरी आणि रोमन लिपीतील ग्रंथ एकाच सूचीत असतील तर अडचण वाढते, कारण ‘आणि इतर’, ‘संपादक’ यांसारखे शब्द संपूर्ण सूचीसाठी एकाच भाषेत येतात. अशी सूची शेवटी हातानेच दुरुस्त करावी लागते.

ऑनलाइन साठवणीची मोफत मर्यादा ३०० एमबी आहे, आणि ती स्कॅन केलेल्या पुस्तकांनी चटकन भरते. त्याऐवजी फाइल वेबडॅव्ह पद्धतीच्या दुसऱ्या ऑनलाइन सर्व्हरवर ठेवता येतात, पण ती सोय अनेकांनी मिळून वापरायच्या गट-संग्रहांना लागू नाही. शिवाय सिंक, म्हणजे सगळ्या संगणकांवरचा संग्रह आपोआप सारखा ठेवणे, हा बॅकअप नव्हे. एका संगणकावर कायमची पुसलेली नोंद दुसरीकडूनही जाते, म्हणून झोटेरोच्या संपूर्ण फोल्डरची प्रत अधूनमधून वेगळ्या डिस्कवर घेत राहावी.