जुन्या ट्रॅव्हलरचं मोटरहोम आणि 616 इंजिनचे पार्ट : नागपुरात काय मिळालं, काय टिकलं

'मोटरहोमचा वॉटर पंप द्या' असं काउंटरवर म्हटलं की नागपुरातला दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग 'ते बॉम्बेले भेटन भाऊ' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तोच पंप 'ट्रॅक्सचा, 616 वाला' म्हणून मागितला (ट्रॅक्स म्हणजे जीपसारखी सवारी गाडी, 616 हे तिच्या इंजिनाचं नाव) की मागच्या मांडणीवरून धूळ झटकत बाहेर येतो. गेल्या हिवाळ्याच्या आधी इंजिन उघडलं, तेव्हापासून गाडी हिवाळ्यात, मे महिन्याच्या उन्हात आणि आता पावसात फिरली आहे. पार्ट मिळतात का, या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्यापैकी ठामपणे देता येईल. मिळतात. पण गाडीच्या नावाने शोधलं तर नाही मिळत, इंजिनाच्या नावाने शोधावं लागतं.

गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली बजाज टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोघांची झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी. लोक 'व्हिंटेज' म्हणतात, मीही म्हणू देतो. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडी. आमची दोन्हीकडून नापास. ही गाडी मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवर बेतलेली आणि इंजिनही त्यांचंच, ओएम 616 : चार सिलिंडर, 2.4 लिटर, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं) साधं डिझेल. हेच इंजिन 1973 पासून मर्सिडीजच्या 240 डी कारमध्ये होतं. आपल्याकडे ते ट्रॅव्हलरमध्ये आलं, ट्रॅक्समध्ये आलं, जुन्या गुरखा जीपमध्येही होतं. विदर्भातल्या खेडोपाडी सवाऱ्या भरभरून ट्रॅक्स पळाल्या आहेत, त्यामुळे या इंजिनाला हात लावलेला मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. परदेशातल्या हौशी माणसाला ही चैन नाही.

गणेशपेठ, घाट रोडकडच्या दुकानांत फिल्टर, पट्टे, हेड गॅस्केट, पिस्टन-रिंग, बेअरिंग शेल, वॉटर पंप हे सगळं मिळालं. वाडीकडे जड गाड्यांचा पसारा मोठा, पण तिथे होजपाइप आणि क्लॅम्पशिवाय माझ्या कामाचं फारसं निघालं नाही. इथे नाही मिळालं ते पुण्याच्या नाना पेठेतून ट्रान्सपोर्टने मागवलं. गाडीची कंपनी बजाज टेम्पो (आता फोर्स मोटर्स) पुण्याजवळच्या आकुर्डीची, तेव्हा जुना पडून असलेला माल तिकडे असणारच. दिल्लीच्या काश्मिरी गेटचा माल स्वस्त पडतो, पण फोटोवर भरवसा ठेवून तिथून इंजिनातलं काही मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आरसे, दिवे, हँडल खुशाल मागवा.

जुन्या मर्सिडीज पार्टवर 615 ने सुरू होणारा नंबर दिसला तर दचकू नका. 615 हा 616 चा थोरला भाऊ आहे आणि बरेच भाग दोघांना सारखेच लागतात. उलट नंतरच्या 2.6 लिटरवाल्या फोर्स इंजिनाचा पार्ट दिसायला अगदी जुळा वाटतो, दुकानदारही शपथेवर सांगतो, पण पिस्टन-क्रँकच्या बाबतीत त्या भानगडीत पडू नका. जुना पार्ट पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजा. तोंडाने केलेलं वर्णन कामाचं नाही.

आता महत्त्वाचं. इंजिन चांगलं निघेल की नाही हे पार्टपेक्षा बोअरिंगवाल्यावर, म्हणजे झिजलेले सिलिंडर नव्या पिस्टनच्या मापाने आतून कापणाऱ्यावर ठरतं. आमचं काम हिंगणा एमआयडीसीत झालं. तिथल्या उस्तादांनी पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावायला साफ नकार दिला. 'किट आणा पहिले, मग कापू. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा त्याचा बोअर करते मी.' जिथे पिस्टन न बघताच 'करून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा' म्हणतात, तिथून गाडी वळवा. हेड फेसिंगचंही, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करण्याचंही तसंच. या इंजिनात हेड घासलं की प्री-चेंबरचं टोक पिस्टनच्या जवळ येतं, ते जाड वॉशर घालून परत वर घ्यावं लागतं. हे ज्याला विचारावं लागत नाही तो खरा कारागीर.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, जरूर तपासा. या इंजिनात 15 बार ही खालची हद्द, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत 3 बारपेक्षा जास्त फरक नको. आकडा बरा असेल तर धूर आणि सकाळी सुरू होतानाची कटकट नोझल (डिझेल फवारणारे), ग्लो प्लग (सुरू करण्याआधी प्री-चेंबर तापवणारे) किंवा व्हॉल्व्हच्या गॅपमुळेही असते आणि मोठा खर्च वाचतो. नोझल साधारण 115 बारला उघडायला हवेत. हे बघायला पंप-नोझलच्या कॅलिब्रेशनवाल्याकडेच जावं लागतं. जुना माइको कंपनीचा डिझेल पंप म्हटलं की वयस्कर मिस्त्रींचा चेहरा खुलतो, पोरांना मात्र नव्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक कॉमन रेलशिवाय काही दिसत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा रस्ता तापमानाप्रमाणे बदलणाऱ्या झडपेवर. नागपुरात जवळपास प्रत्येक मिस्त्रीचा सल्ला एकच : 'काढून फेका ना भाऊ, काहून ठेवता? आपल्याकडच्या उन्हात त्याचं काही काम नाही.' बऱ्याच जुन्या इंजिनांत हे खपून जातं. 616 मध्ये नाही. याचा थर्मोस्टॅट दोन दारांचा आहे. 80 अंशांच्या पुढे रेडिएटरचं दार उघडतो आणि त्याच वेळी बायपासचं, म्हणजे पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, गरम पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच घुमत राहतं आणि चढावर काटा वर जातो. म्हणजे थंड राहावं म्हणून काढायचा आणि तापवून घ्यायचं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तो काढलेलाच होता. नवा बसवला, रेडिएटर उघडून रॉड मारून आतल्या नळ्या साफ करून घेतल्या, आणि मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पूर्ण भरल्या टाकीने चढलो. काटा मधोमध. हा सबंध कामातला सर्वांत स्वस्त पार्ट होता.

टिकाऊपणाचं सांगायचं तर पिस्टन, रिंग, बेअरिंग याबद्दल आजवर तक्रार नाही. तेल कमी होत नाही, थंडीतही गाडी पहिल्या सेल्फला लागते. टायमिंग चेन दुहेरी आहे, तुटायची भीती कमी, पण ताणली की टायमिंग मागे पडतं. ती बदलताना तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाटेवर ठेवणारे गाइड सोबतच बदलले, नाना पेठेतून आले, आवाज शांत आहे. लोकल वॉटर पंप उन्हाळ्यातच सीलमधून पाझरू लागला. त्याच्या दुप्पट पैसे मोजून दुसरा घेतला, तो कोरडा आहे.

खरा वैताग रबराचा. इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी ठोकळे) बाजारात तीन-चार तऱ्हेचे मिळतात, सगळ्यांच्या डब्यावर 'ओरिजिनल' छापलेलं असतं, आणि नखाने दाबून पाहिलं की कळतं कोण किती पाण्यात आहे. मोटरहोमला हा त्रास जास्त, कारण इंजिनाचा अर्धा भाग केबिनमध्ये येतो. माउंटिंग दबून खचलं की ओट्यावरचे कप वाजतात आणि सौभाग्यवतींचं मत ऐकावं लागतं. सध्या एक जुनं, पाकीटबंद माउंटिंग हाती लागलंय. पण रबर वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी कडक होतं, तेव्हा त्याला पूर्ण गुण देत नाही.

पलंगाखालच्या पेटीत आता पट्ट्यांचा जोड, थर्मोस्टॅट, दोन ग्लो प्लग, वरचा-खालचा होज, डिझेल फिल्टर आणि हेड गॅस्केट ठेवतो. गॅस्केट वाकवून ठेवू नका, प्लायवुडच्या दोन तुकड्यांत बांधा. ग्लो प्लग मात्र नामांकित कंपनीचेच घ्या. स्वस्तातल्याचं टोक फुगलं तर तो हेडमधून निघता निघत नाही.