कोलाडचं राफ्टिंग: बोट छान, काठावर मात्र जत्रा

मामाचं गाव रोह्याजवळ, त्यामुळे कुंडलिका नदी ओळखीची. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सुटतं, त्यावरच हा सगळा खेळ. एप्रिलमध्ये ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले. जॅकेट, हेल्मेट धड होतं, गाइड तरबेज; पहिल्याच लाटेला मी किंचाळले. इथवर पाच तारे.

मग मधल्या थांब्यावर बोटी गोट्यांच्या पुळणीला लागल्या. स्पीकर सुरू, वेफर्सची पाकिटं खाली. डोक्यावर टिटवी जीव तोडून ओरडत होती. गाइड म्हणाला, "ताई, ती रोजच ओरडते." रोज ओरडणारच ना! दोन पावलांवर तिची चार अंडी, गोट्यांसारखीच ठिपक्यांची. आमच्यातल्या एकाची चप्पल वीतभर अंतरावर. पक्षी उठला की उन्हात अंडी भाजतात. दिवसाला किती बोटी तिथे थांबतात, देव जाणे.

याच काठच्या ओल्या रेतीत मामा पाणमांजराचे पंजे दाखवायचा. या खेपेला फक्त बुटांचे ठसे.

जेवण ठीक, आमटी पाणचट. थांबा हलवला तर चौथा तारा देईन. तूर्त तीन.