सरकारी कॉलेजातली एमएस्सी: दोन वर्षांची फी आणि पावतीवरचा सगळा हिशोब

मी २०२३ ते २०२५ या दोन वर्षांत एका सरकारी कॉलेजातून केमिस्ट्रीत एमएस्सी केली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथल्या सरांनी मला खूप दिलंय, आणि ऑफिसमध्ये जो त्रास झाला तसा त्रास दुसरीकडच्या मैत्रिणींकडूनही ऐकलाय. फीबद्दल कोणी नीट सांगतच नाही, माहितीपत्रकात एक आकडा असतो आणि खिडकीवर गेलं की दुसरा, म्हणून ऍडमिशनच्या आधी मला जे माहीत असायला हवं होतं ते सगळं लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

आधी सरळ सांगते, फीच्या बाबतीत सरकारी कॉलेजला पाचपैकी साडेचार. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातही एमएस्सी आहे आणि माझं आधी तिथेच घ्यायचं ठरत होतं, घरून जाऊन येऊन करता आलं असतं. पण ते कॉलेज अनुदानित असलं तरी एमएस्सीची तुकडी विनाअनुदानित, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आपण म्हणतो अनुदानित कॉलेज आहे म्हणजे फी कमीच असणार. बीएस्सीला कमी असते, खरंय, पण पुढे एमएस्सीची तुकडी सेल्फ फायनान्सवर चालत असेल तर मास्तरांचा पगारही मुलांच्या फीमधूनच निघतो. मला तिथे वर्षाला ४२,००० सांगितले. सरकारी कॉलेजात पहिल्या वर्षाची पावती झाली ८,७३५ ची. विद्यापीठ तेच, सिलॅबस तोच, युनिव्हर्सिटीचा पेपरही तोच. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी एवढंच विचारा की ही पीजीची तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित, कॉलेजबद्दल विचारू नका, तुकडीबद्दल विचारा.

आता पावती. माझ्या पावतीवर एकूण १९ हेड होते, हेड म्हणजे फीतली एकेक बाब. शिकवणी शुल्क म्हणजे ज्याला आपण ट्युशन फी म्हणतो ते फक्त ३,२००. लॅब ८००, लायब्ररी ३००, जिमखाना २००. मग ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण निधी, विमा, एनएसएस, आपत्ती व्यवस्थापन, विद्यापीठाचं पात्रता शुल्क, ई-सुविधा, आणि अश्वमेध. अश्वमेध वाचून मी खिडकीवरच्या मॅडमना विचारलं हे काय, त्या म्हणाल्या विद्यापीठाचं आहे भरावंच लागतं. नंतर कळलं की राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचं नाव अश्वमेध आहे, जसं युवक महोत्सवाचं इंद्रधनुष्य आणि संशोधन स्पर्धेचं आविष्कार. आमच्याच वर्गातला एक मुलगा कबड्डीला विद्यापीठाच्या टीममध्ये होता, त्याला किट मिळाली तेव्हा मला त्या हेडबद्दल काही वाटेनासं झालं. मला एवढंच म्हणायचंय की प्रत्येक हेड विचारून घ्या. विचारलं तर काही बिघडत नाही, आणि पुढे स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना कुठलं हेड कशात टाकायचं ते तिथेच लागतं.

यात दोन हेड अनामतीचे होते, ग्रंथालय अनामत ५०० आणि प्रयोगशाळा अनामत ५००. हे पैसे परत मिळणारे असतात. भारत सरकार शिष्यवृत्तीत नापरतावा असलेली फी मिळते, अनामत मिळत नाही, कारण ती आपली आपल्याला परत येणार असते. म्हणजे कितीही पूर्ण स्कॉलरशिप असली तरी हे १,००० रुपये खिशातून जातात. त्याचं पुढे सांगते.

परीक्षा फी या पावतीत नसते, ती प्रत्येक सेमला वेगळी, आणि लेट झालं की दंडासकट. माझ्या वेळी एका सेमची हजाराच्या वर जात होती, चार सेम म्हणजे ती जवळजवळ अर्ध्या वर्षाची फी झाली. शिवाय आमची बॅच पीजीला नवीन शैक्षणिक धोरणाची पहिली बॅच, त्यामुळे दुसऱ्या सेमला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलं, ४ क्रेडिटचं, आणि तिसऱ्या चौथ्या सेमला रिसर्च प्रोजेक्ट. ओजेटीची फी काही नाही पण एमआयडीसीत रोज जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं, तिथे मागितलेले सेफ्टी शूज, रिपोर्टचं बाइंडिंग, हे कुठल्याच पावतीवर नसतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभावलं, पण एमआयडीसीच्या फाट्यापासून आत रिक्षाच होती.

आता जे खरं सांगायचंय ते. फी कमी आहे पण ती कधी भरायची यात सगळा घोळ होतो. मला भारत सरकार शिष्यवृत्ती लागू होती, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला सगळं तयार. अशा मुलांकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्क घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. खिडकीवर सांगितलं की आधी पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की तुमच्या खात्यात येईलच. आई सोबत होती. तिने बचत गटातून १०,००० उचलून आणले होते, साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून, आणि त्या नोटा ती खिडकीच्या कट्ट्यावर एकेक करून मोजत होती कारण मागे रांग होती आणि चुकायला नको म्हणून. बऱ्याचशा नोटा शंभरच्या. मॅडम म्हणाल्या मावशी जरा लवकर करा. त्या तशा वाईट बोलल्या नाहीत, पण आईने परत पहिल्यापासून मोजायला घेतलं.

गटाचं व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे २०० रुपये. ऑगस्टमध्ये पैसे भरले आणि स्कॉलरशिपचा पहिला हप्ता आला मार्चमध्ये. तोपर्यंत सात महिन्यांचे १,४०० रुपये व्याज गेलं. लॅब, लायब्ररी आणि जिमखाना तिन्ही मिळून १,३०० होते. म्हणजे ज्या मुलीला शासनाच्या हिशोबाने फी माफ आहे तिच्या घरातून लॅबच्या फीपेक्षा जास्त पैसे नुसत्या व्याजात गेले, आणि ते कुठल्या हेडखाली परत मिळत नाहीत. साडेचारमधला एक मी इथे कापते.

आणि उशीर का झाला तेही सांगते. महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल, त्याचा फॉर्म मी सप्टेंबरमध्येच भरला होता, पण तो कॉलेजच्या लॉगिनला दोन महिने पडून होता. फॉर्म भरला की आपलं काम झालं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या डेस्कला जातो, मग प्राचार्यांच्या, मग समाजकल्याणला, आणि कुठेही काही कमी दिसलं की परत आपल्याकडे येतो, त्याला सेंट बॅक म्हणतात, आणि तो मेसेज आपल्याला दिसला नाही तर तसाच राहतो. दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघा. बँक खातं आधारला लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा, नुसतं आधार दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला खातं जोडलेलं असणं वेगळं, माझ्या मैत्रिणीचे पैसे बारावीला उघडलेल्या जुन्याच खात्यात गेले आणि तिला चार महिने कळलं नाही. एससीच्या मुलांसाठी केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट आपल्या खात्यात येतो आणि राज्याचा ४० टक्के वेगळा येतो, दोन्ही एकदम येत नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी हुशार झाले असं नाही, आमच्या इनऑरगॅनिकच्या सरांनी हुशार केलं. त्यांना कळलं की मी पूर्ण भरले, तर ते म्हणाले अगं तुला भरायचे नव्हतेच. त्यांनी ऑफिसातल्या फाइलमधून त्या परिपत्रकाची झेरॉक्स काढून दिली, मी एक साधा अर्ज लिहिला, सर माझ्यासोबत खिडकीपर्यंत आले आणि शिकवणी शुल्क न घेता बाकीच्या हेडची पावती झाली. पाच मिनिटांत झालं. त्याच मॅडम, तीच खिडकी. पहिल्या वर्षी कोणी अर्ज करायला सांगितलं असतं तर तेव्हाही झालं असतं. फक्त एक लक्षात ठेवा, शिकवणी शुल्क आधी भरलं नाही तर नंतर केंद्राचा हिस्सा खात्यात आल्यावर त्यातली फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. ते पैसे खर्च करू नका. आमच्या बॅचच्या एका मुलाने नेट परीक्षेचा फॉर्म आणि खोलीचं भाडं त्यातून दिलं, आणि शेवटी टीसी मागायला गेला तर बाकी दाखवून टीसी अडवली. मार्कशीट, टीसी अशी मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्येच म्हटलंय, त्याने तसा अर्ज दिल्यावर टीसी मिळाली, पण बीएडच्या प्रवेशाचा एक राउंड हातचा गेला.

राहण्याचं. मला शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, मग स्वाधारचा फॉर्म भरला, वसतिगृह न मिळालेल्या एससी मुलांना राहण्याजेवणाचे पैसे देणारी ही शासनाची योजना. आमचं शहर महापालिकेचं आहे, तिथे वर्षाला ५१,००० मिळतात, भोजन २८,०००, निवास १५,००० आणि निर्वाह ८,०००. मुंबई पुणे नागपूर अशा ठिकाणी ६०,००० आहेत. ही योजना नसती तर ८,७३५ ची फी असूनही माझी एमएस्सी झाली नसती, कारण मेस आणि खोली मिळून महिन्याला साडेचार हजार लागत होते आणि वर्षाचा धरला तर हा आकडा फीपेक्षा कितीतरी मोठा आहे. कॉलेज स्वस्त म्हणून शहरात येताना हा हिशोब आधी करा. तेही पैसे उशिरा आले, तोपर्यंत मी कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीत रोज दोन तास काम केलं, पुस्तकांना नंबर लावणं, जर्नल लावणं. त्यातून मेसचं अर्धं निघायचं. आणि ज्या पुस्तकांना नंबर लावले तीच मी रात्री खोलीवर घेऊन जायचे, एकही टेक्स्टबुक विकत घ्यावं लागलं नाही.

मुलींसाठी एक. जुलै २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय खूप चांगला आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आमच्या ज्युनियर मुली एमएस्सीलाही तो लागू आहे समजून पैसे न घेता आल्या आणि खिडकीवर रडवेल्या झाल्या. आपला कोर्स त्यात बसतो का ते फॉर्म भरायच्या आधीच विचारा.

आणि दुसरीकडे नंबर लागला म्हणून सीट सोडायची असेल तर गप्प बसू नका. यूजीसीने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत सीट सोडली तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत सोडली तर जास्तीत जास्त १,००० कापून परत असं सांगितलं होतं. दरवर्षीची तारीख वेगळी असू शकते, ती बघून घ्या आणि अर्जाची पोचपावती घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.

फीच्या बदल्यात काय मिळालं हेही लिहायला पाहिजे. यूव्हीचं मशीन एकच आणि आम्ही २४ जण, त्यामुळे प्रोजेक्टच्या वेळी सकाळी साडेसातला जाऊन रांग लावायची. पण केमिकल्स डिपार्टमेंटने दिली, एकदाही बाहेरून आणायला सांगितलं नाही, सेल्फ फायनान्सवाल्या मैत्रिणीला प्रोजेक्टचे पैसे वेगळे मोजावे लागले. आमचे लॅब अटेंडंट काका तीस वर्षं तिथे आहेत, टायट्रेशनला माझा हात थरथरायचा तर त्यांनी ब्युरेटचा स्टॉपकॉक डाव्या हाताने मागून कसा धरायचा ते शिकवलं, अंगठा पुढे दोन बोटं मागे, म्हणजे उजवा हात फ्लास्क हलवायला मोकळा राहतो. आज मी ज्या कंपनीत क्यूसीला म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे तिथे तसंच करते.

राहिली अनामत. निकाल लागल्यावर ती मागायला लागते, आपोआप येत नाही, आणि त्यासाठी पहिल्या वर्षाची मूळ पावती लागते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी पावती हरवली म्हणून सोडून दिली. माझ्याकडे होती, पण ती त्या चकचकीत मशीनच्या कागदावरची, दोन वर्षांत अक्षरं उडून पांढरी पडलेली. नशीब की आईने पहिल्याच दिवशी कॉलेजच्या गेटसमोर दोन रुपये देऊन तिची झेरॉक्स काढायला लावली होती. खिडकीवर आधी म्हणाले झेरॉक्स चालत नाही, मग पांढरी पडलेली ओरिजिनल आणि तिच्या मागे ती झेरॉक्स स्टेपल करून दिली, लायब्ररी आणि लॅबचं नो ड्यूज जोडलं, बँक पासबुकचं पहिलं पान जोडलं. सात आठवड्यांनी १,००० रुपये खात्यात आले.