बारावीनंतर इंजिनीअरिंग: केसीईटी की एमएचटी-सीईटी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांपुढे दोन वाटा. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत, रँक लावताना बारावीचे गणित, भौतिक, रसायनचे गुण ५० टक्के धरतात. म्हणजे वर्षभर घासलेलं वाया जात नाही. शिवाय व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय बेळगावातच, १९९८ पासून! घरचा डबा, सिटी बस, भागलं.

महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी पर्सेंटाइलवर चालते, म्हणजे परीक्षेत बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे, त्यावर. बारावीत कमी पडले पण परीक्षेत हात सुटला, तर हीच बरी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथे सीमाभागाच्या कोट्यातून अर्ज करता येतो. मात्र रहिवासाचा आणि मातृभाषेचा, दोन्ही दाखले लागतात. ते जूनमध्ये शोधू नका. होस्टेलचा खर्च वेगळा.

माझं मत? दोन्ही परीक्षा द्या, पण बारावीचा टक्का चांगला असेल तर आधी केसीईटी.